सव्वा महिन्याचे वळण : बाळाचे रडणे, झोप आणि सांभाळणारे हात

(रुग्णालयाच्या वार्षिक मेळाव्यात बालरोग विभागाच्या वतीने झालेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक मेळाव्यात प्रत्येक विभागाने आपल्या कामाचा आढावा सादर करावा, अशी आपल्या संस्थेची प्रथा आहे. आमच्या विभागाचे आकडे अहवालात आलेलेच आहेत. त्यांची उजळणी करण्याऐवजी, कोणत्याही तक्त्यात ज्याची नोंद होत नाही अशा एका तक्रारीविषयी आज आम्ही बोलणार आहोत. "डॉक्टर, बाळ फार रडतं. रात्रभर झोपत नाही. काहीतरी औषध द्या." बाह्यरुग्ण विभागात ही वाक्ये रोज कानी पडतात. बाळाला तपासावे, तर बहुतेक वेळा ते ठणठणीत असते. वजन वाढलेले असते, पोट मऊ असते, डोळे टवटवीत असतात. आई मात्र खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत असते. औषधाची चिठ्ठी लिहायला एक मिनिट लागते. औषधाची गरज नाही हे समजावून सांगायला अर्धा तास लागतो. तो अर्धा तास का आवश्यक आहे आणि तो कोठून आणावा, हाच आजचा विषय.

रडण्याची चढती-उतरती कमान

अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. बेरी ब्रेझल्टन यांनी १९६२ साली एक साधा पण फार उपयोगी अभ्यास प्रसिद्ध केला. ८० निरोगी बाळांच्या मातांना त्यांनी रोजच्या रडण्याची नोंद ठेवायला सांगितली होती. दोन आठवड्यांचे बाळ दिवसाकाठी साधारण पावणेदोन तास रडते, सहाव्या आठवड्यास हे प्रमाण पावणेतीन तासांपर्यंत चढते आणि त्यानंतर ते हळूहळू उतरत जाते, असे त्या नोंदींतून दिसले. पुढे इतर संशोधकांनाही पहिल्या तीन महिन्यांत हीच चढउतार आढळली. दिवस पुरे होण्याआधी जन्मलेल्या बाळांमध्ये तर असे दिसले की, त्यांच्या रडण्याचे शिखर जन्मतारखेपासून मोजता येत नाही; प्रसूतीची जी अपेक्षित तारीख होती तिच्यापुढे सहा आठवड्यांनी ते येते. याचा अर्थ असा की, या रडण्याचा मोठा भाग मेंदूच्या वाढीच्या वेळापत्रकाशी बांधलेला आहे. आईने काय खाल्ले, घरात कोण आले-गेले, याच्याशी त्याचा संबंध बराच कमी.

हे रडणे बहुधा दुपार कलल्यावर आणि संध्याकाळी एकवटते. आपल्याकडे तिन्हीसांजेला मूल किरकिरू लागले की मीठ-मोहऱ्या उतरवून दृष्ट काढण्याची रीत आहे. कारणाविषयीचा समज काहीही असो, वेळेचे निरीक्षण आपल्या आज्यांनी अचूक केले होते. "तीन महिने काढ, मग बाळ बसतं" हा त्यांचा दिलासाही शास्त्राच्या कसोटीला उतरणारा आहे.

डॉ. मॉरिस वेसल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली अति रडणाऱ्या बाळांची एक व्याख्या केली : दिवसाला तीन तासांहून अधिक, आठवड्यातून तीन दिवसांहून अधिक, आणि असे तीन आठवड्यांहून अधिक काळ. अशा बाळांनाही बहुतेक वेळा कोणताच आजार नसतो. बाळ मुठी आवळते, पाय पोटाशी घेते, चेहरा लाल होतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की पोटात भयंकर कळ येत आहे. परंतु निरोगी बाळ जोराने रडताना असेच दिसते, हे पालकांनी जाणून असावे.

येथे एक शंका रास्त आहे. सगळी बाळे रडतातच, तर मग आपण उचलून घेण्याने काय साधते? आफ्रिकेतील कालाहारी प्रदेशात राहणाऱ्या सान समाजातील माता आपली तान्ही मुले जवळजवळ दिवसभर अंगाशी बांधून वावरतात आणि बाळ कुरकुरले की लगेच पाजतात. डॉ. रोनाल्ड बार आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की, ही बाळेसुद्धा पाश्चात्य बाळांइतक्याच वेळा रडू लागतात, पहिल्या महिन्यांतील चढही त्यांच्यात दिसतो. मात्र त्यांच्या रडण्याचा एकूण वेळ सुमारे निम्मा असतो. रडणे सुरू होणे आपल्या हातात फारसे नाही. ते किती लांबेल यावर मात्र जवळच्या माणसाचा बराच परिणाम होतो.

आजाराचे रडणे ओळखावे कसे

बाळ निरोगी आहे असे म्हणण्यापूर्वी ते तपासणे हे आमचे कर्तव्य आहे. पालकांनी पुढील लक्षणे दिसताच, रात्र असो वा दिवस, बाळाला रुग्णालयात आणावे. तीन महिन्यांखालील बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप, दूध ओढणे बंद होणे, हिरवी उलटी, शौचातून रक्त, मिनिटाला ६० हून अधिक श्वास किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाणे, झटके, टाळू फुगून वर येणे, जांघेत कडक गाठ. त्याचप्रमाणे नेहमीपेक्षा वेगळे, तीव्र किंकाळीसारखे किंवा क्षीण कण्हल्यासारखे रडणेही दुर्लक्षू नये. अचानक रडू लागलेल्या बाळाचे कपडे पूर्ण काढून हातापायांची बोटे एकेक करून पाहावीत. आईचा गळलेला केस मोज्यात किंवा दुपट्यात अडकून बोटाभोवती आवळला जातो आणि बोट सुजते. हा प्रकार वरवर पाहता लक्षातही येत नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही प्रत्येक घरी सांगू इच्छितो. जे नवजात बाळ भुकेच्या वेळीही रडत नाही, उठवले तरी निपचित राहते, त्याचे कौतुक "किती गुणी बाळ" म्हणून करू नये. त्याला तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

शांत करण्याची घाई

रडणाऱ्या बाळाला शांत करण्याची घाई मोठी जुनी आहे, आणि तिची किंमत बाळांनी मोजली आहे. १९२०च्या दशकात मुंबईतील गिरणी कामगार स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा तान्ह्या मुलांना अफूच्या बाळगोळ्या देण्याची प्रथा सर्रास आढळून आली होती. त्या माता निष्ठुर नव्हत्या. गिरणीचा भोंगा झाला की बाळाला खोलीत ठेवून त्यांना कामावर जावे लागे, आणि मागे त्याच्यापाशी बसायला कोणी नसे. माणसाची उणीव गोळीने भरून काढली जात होती.

अफूच्या गोळ्या मागे पडल्या, पण ती उणीव सरलेली नाही. आजही आमच्याकडे येणाऱ्या पिशव्यांतून नाना बाटल्या निघतात. झोप येणारे सर्दीचे औषध कोणीतरी दिलेले असते. पोटदुखीवरचे डायसायक्लोमीन सहा महिन्यांखालील बाळास देऊ नये, कारण त्याने श्वास मंदावण्याचा धोका असतो. तरीही ते घरात सापडते. ग्राइप वॉटर आणि घुटी यांनी रडण्याची कमान बदलते असे सिद्ध झालेले नाही. पहिल्या सहा महिन्यांत बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीसुद्धा लागत नाही. मध तर वर्षाच्या आत चाटवूच नये. त्यातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला क्वचित पण गंभीर विषबाधा होऊ शकते.

सर्वांत मोठे नुकसान मात्र एका साध्या वाक्याने होते : "तुझं दूध पुरत नाही, म्हणून रडतंय." सहाव्या आठवड्यास रडणे शिखरावर असते, त्याच सुमारास हे वाक्य आईच्या कानावर पडते. वरचे दूध सुरू होते, बाळ अंगावर कमी ओढते, आणि ओढ कमी झाली की दूध खरोखरच कमी होते. मग सगळ्यांना वाटते, आपण म्हणत होतो तेच खरे. दूध पुरते की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. पहिल्या आठवड्यानंतर बाळ दिवसातून सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल आणि त्याचे वजन रोज सरासरी २० ते ३० ग्रॅमने वाढत असेल, तर आईचे दूध पुरेसे आहे. शिशुदुग्धाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर आपल्या देशात १९९२च्या कायद्याने बंदी घातली, २००३ साली ती अधिक कडक झाली. घरातील माणसांच्या बोलण्यावर मात्र कोणताही कायदा चालत नाही. तेथे आपणच समजूत घातली पाहिजे.

परंपरेतील सारेच टाकाऊ आहे, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. हलक्या हाताने तेल लावून अंघोळ, अंगाई, मांडीवर थोपटणे, पाळण्याचा संथ झोका, या सर्वांनी बाळ निवते. बंद खोलीतील धुरी, नाकाकानांत तेल घालणे आणि बाळाची हनुवटी छातीवर टेकेल अशी खोल झोळी एवढे मात्र टाळावे.

झोपेविषयी

नवजात बाळ चोवीस तासांत १४ ते १७ तास झोपते. तरीही घरातील कोणाची झोप पुरी होत नाही, कारण ही झोप तुकड्यातुकड्यांची असते. दिवस आणि रात्र यांतील भेद बाळाच्या शरीराला दोन-तीन महिन्यांचे होईपर्यंत पुरता उमगलेला नसतो. त्याच्या झोपेचा जवळजवळ निम्मा भाग हालचालीचा असतो. त्या वेळी ते तोंड वेंगाडते, हुंकारते, हातपाय हलवते, क्षणभर रडतेही. ते जागे झाले असे समजून लगेच उचलल्यास खरोखरच जागे होते. म्हणून मिनिटभर थांबून पाहावे. खरोखर उठले असेल तर जवळ घ्यावे. दिवसा घरात उजेड आणि नेहमीचे आवाज असू द्यावेत. रात्री दिवा मंद, बोलणे हळू आणि दुपटे बदलणे झटपट असावे. सहा महिन्यांचे बाळ रात्री एकदोनदा उठत असेल, तर तो दोष समजू नये.

"हातावर झोपतं, खाली ठेवलं की उठतं" ही तक्रार तर घरोघरची. जपानमधील संशोधकांनी २०२२ साली या प्रश्नाचा बारकाईने अभ्यास केला. रडणाऱ्या बाळाला घेऊन सुमारे पाच मिनिटे संथ चालले असता ते शांत होते, आणि अनेक बाळे झोपीही जातात. परंतु झोपल्याबरोबर खाली ठेवल्यास अंग वेगळे होताच ती जागी होऊ लागतात. झोप लागल्यावर आणखी पाच ते आठ मिनिटे तसेच घेऊन बसावे आणि मग ठेवावे, असे त्यांनी सुचवले आहे. हा उपाय बिनखर्चाचा आहे; त्याला फक्त एक न थकलेला माणूस लागतो.

बाळाला नेहमी पाठीवर, सपाट आणि टणक अंथरुणावर झोपवावे. अमेरिकेत १९९२ पासून हा सल्ला दिला जाऊ लागल्यावर झोपेत अचानक होणारे बालमृत्यू पुढील काळात निम्म्याच्या आसपास उतरले. आपल्याकडे बाळ आईच्या कुशीत झोपते. त्यामुळे स्तनपान सोपे होते हे खरे. परंतु अंथरुणात धूम्रपान करणारी किंवा मद्य प्यालेली व्यक्ती असू नये, बाळाच्या तोंडाजवळ उशी-गोधडी असू नये, आणि सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी लागू देऊ नये. कमी वजनाच्या बाळाचे अंथरूण आईच्या हाताशी, पण स्वतंत्र असावे.

जवळीक कशी जुळते

"सारखं उचलून घेऊ नका, हाताची सवय लागेल," असा इशारा आपल्याकडे हमखास मिळतो. तान्ह्या बाळाच्या बाबतीत तो निराधार आहे. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ साली लिहिलेल्या अहवालात, दीर्घकाळ मायेच्या माणसाविना राहिलेल्या मुलांच्या मनावर काय आघात होतो, हे जगापुढे मांडले. त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडातील खेड्यांत घरोघरी जाऊन माता आणि बाळे यांचे निरीक्षण केले. जवळीक कोणा एका दिव्य क्षणी जुळत नाही. बाळ हाक देते, कोणीतरी येते, पुन्हा हाक देते, पुन्हा तेच माणूस येते, अशा शेकडो लहान प्रसंगांतून ती घडते, अशी समज या कामातून दृढ झाली. बाळ अशी जवळीक एकाहून अधिक माणसांशी जोडू शकते, हेही या अभ्यासांतून पुढे आले. आजी, वडील, आत्या, थोरली बहीण, या साऱ्यांचे तेथे स्थान आहे.

म्हणून सिझेरियनमुळे पहिल्या तासात बाळाला जवळ घेता आले नाही, किंवा बाळ काही दिवस काचेच्या पेटीत राहिले, तर आपले नाते कायमचे उणे राहिले असे कोणत्याही आईने मानू नये. प्रत्येक हाकेला तत्क्षणी धावलेच पाहिजे असेही नाही. बाळाला परिपूर्ण आई लागत नाही. बहुतेक वेळा येणारे, आणि उशीर झाला तरी परत येणारे माणूस त्याला पुरते.

सव्वा महिना

आता आमच्या मूळ मुद्द्याकडे येतो. आपल्या समाजात बाळंतिणीचा सव्वा महिना पाळला जातो. माहेरी असली तर तिला शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, आयते पान आणि पुरेसा विसावा मिळतो. सव्वा महिना म्हणजे सुमारे चाळीस दिवस, अर्थात सहा आठवड्यांना दोन दिवस कमी. वैद्यकशास्त्रातही सूतिकाकाल सहा आठवड्यांचाच मानला जातो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी उभ्या केलेल्या घरोघरी नवजात बालसेवेच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले आणि त्यातून स्फूर्ती घेऊन २०११ पासून देशभर आशा कार्यकर्त्या नवजात बाळांच्या घरी जाऊ लागल्या. त्या मालिकेतील शेवटची भेट ४२ व्या दिवशी असते. त्यानंतरच्या नियमित गृहभेटी बाळ तीन महिन्यांचे झाल्यावर सुरू होतात.

श्रोतेहो, हा योगायोग आपण नीट पाहावा. ज्या आठवड्यात बाळाचे रडणे शिखराला पोहोचते, त्याच आठवड्यात आईचा विसावा संपतो. कष्टकरी घरांत ती सव्वा महिना सरताच चुलीशी, धुण्याशी, शेताशी परतते. २०१७च्या दुरुस्तीने कायद्यात २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आली, हे स्वागतार्हच आहे. परंतु शेतमजूर किंवा घरकाम करणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला तिचा लाभ क्वचितच येतो. शहरातील दोन खोल्यांच्या घरात माहेरची आई परत गेलेली असते, पती कामावर असतो, आणि बाळाचा आवाज शेजाऱ्यांना जाऊ नये म्हणून खिडकी बंद केलेली असते. सल्ला देणारे मोबाइलवर पुष्कळ भेटतात. रात्री अडीच वाजता अर्धा तास बाळ घेणारे कोणी नसते.

याच वेळी आईच्या मनावर काय गुदरते? गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात नाव नोंदवलेल्या मातांचा अभ्यास डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. गरिबी आणि पती-पत्नीतील बेबनाव यांनी धोका वाढत होता, आणि मुलगी झाली म्हणूनही तो वाढत होता. याच मातांच्या बाळांना पुढे पाहिले असता, निराश मातांच्या बाळांची सहा महिन्यांनंतरची वाढ अधिक वेळा खुंटलेली दिसली. भारतातील ३८ अभ्यासांचा एकत्रित विचार २०१७ साली झाला, तेव्हाही हे प्रमाण २२ टक्के, म्हणजे पाचांत एकीहून थोडे अधिक निघाले. ही आई बहुधा "मला उदास वाटते" असे म्हणत नाही. ती म्हणते, "बाळ फार रडतं."

कंटाळलेल्या, जागरणाने खचलेल्या माणसाच्या हातून एखाद्या क्षणी बाळ जोराने गदागदा हलवले जाते. तान्ह्या बाळाची मान दुबळी आणि डोके जड असते. अशा हलवण्याने मेंदूत आणि डोळ्यांत रक्तस्राव होतो. बाळ दगावू शकते किंवा जन्मभर अधू होऊ शकते. म्हणून प्रत्येक पालकाला आम्ही स्पष्ट सांगतो : राग अनावर होऊ लागला तर बाळाला पाठीवर सुरक्षित जागी ठेवा, खोलीबाहेर जा, पाणी प्या, कोणाला तरी हाक मारा आणि पाच-दहा मिनिटांनी परत या. तेवढ्या रडण्याने निरोगी बाळाला इजा होत नाही. मन फारच खचले असेल, स्वतःविषयी किंवा बाळाविषयी भलते विचार येत असतील, तर घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगण्यात लाज नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून चोवीस तास उपलब्ध आहे.

आपण काय करू शकतो

ज्या सहाव्या आठवड्यात सारा भार एकवटतो, त्याच आठवड्यात आई आमच्या दाराशी येते, कारण बाळाची दीड महिन्याची लस असते. आज त्या दिवशी काय घडते? रांग, वजन, टोचणे, पुढची तारीख. कार्डावर बाळाचे वजन लिहिले जाते. आईला मात्र कोणी काही विचारत नाही. आम्ही विश्वस्त मंडळापुढे असा प्रस्ताव ठेवत आहोत की, या भेटीत प्रत्येक आईसाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत. एक प्रशिक्षित परिचारिका, एक दार लागणारी खोली, दोन खुर्च्या. १९८७ पासून जगभर वापरात असलेली दहा प्रश्नांची एक सोपी प्रश्नावली आहे. तिने नैराश्याची शंका ओळखता येते. पण प्रश्नावलीच्या आधी एक प्रश्न आहे : "तुम्ही कशा आहात? रात्री तुमच्या हातून बाळ कोण घेतं?" ज्या घरात याचे उत्तर "कोणी नाही" असेल, तेथे पुढच्या आठवड्यात फोन जाईल आणि गरज पडल्यास समाजसेविका घरी जाईल.

दुसरा प्रस्ताव घरी जाण्याच्या दिवसाविषयी. बाळंतीण रुग्णालयातून निघते, त्या दिवशी पती आणि आजी सोबत असतातच. त्यांना एकत्र बसवून रडण्याची ही कमान कागदावर काढून दाखवावी, सहाव्या आठवड्यावर खूण करावी आणि त्या आठवड्यातील रात्रीच्या पाळ्या तेथेच ठरवून घ्याव्यात. रडणे येणार आहे आणि ते उतरणार आहे, हे आधी कळले की घर बाटलीकडे कमी धावते आणि आईला दोषही कमी लागतो.

तिसरा प्रस्ताव अतिदक्षता कक्षाचा आहे. मुंबईच्या शीव येथील महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ पासून कमी वजनाच्या बाळांना आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची पद्धत रुजली. तिला आपण कांगारू मातृसेवा म्हणतो. अशी सेवा बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच सुरू केल्यास काय होते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासातून २०२१ साली कळले. भारतासह पाच देशांतील ३,२११ बाळांमध्ये, पहिल्या २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण नेहमीच्या पद्धतीत १५.७ टक्के होते, तर आईजवळ लगेच ठेवलेल्या बाळांत ते १२ टक्के राहिले. यासाठी अतिदक्षता कक्षात बाळाशेजारी आईची खाट असावी लागते. आपल्याकडे अनेक माता अजूनही जिन्याजवळच्या सतरंजीवर बसून बोलावण्याची वाट पाहतात. त्या खाटा आम्हांला हव्या आहेत.

देणगीदारांच्या मनात स्वाभाविकपणे येते की, आपल्या पैशातून एखादे यंत्र घ्यावे, त्यावर नाव कोरले जावे. यंत्रांची गरज आम्ही जाणतो आणि त्यांसाठी आपण जे दिलेत त्याविषयी कृतज्ञ आहोत. तथापि आजच्या या मागण्यांत कोरायला जागा नाही. एका परिचारिकेचा वर्षाचा पगार, काही खाटा, एक लहान खोली. एवढ्याने बाळाचे रडणे थांबणार नाही, आणि ते थांबावे अशी आमची अपेक्षाही नाही. ते त्याच्या वेळेने उतरेल. तोवर त्याला घेऊन येरझारा घालणाऱ्या माणसाला बळ मिळावे, आणि त्याच्या जोडीला दुसरे कोणी असावे, एवढीच आमची आपल्याकडे मागणी आहे.

येथे बसलेल्या मातांना शेवटी एवढेच सांगतो. दीड महिन्याच्या लसीला याल, तेव्हा बाळाच्या कार्डाबरोबर स्वतःची तक्रारही घेऊन या. ती ऐकून घेणे आमच्या कामाचाच भाग आहे.